स्वागतसमारंभाच्या टेबलांवर मेणबत्त्यांची सजावट : कमी खर्चात कशी करावी?

गोदातीर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकला आहे. लग्न सकाळी कार्यालयात लागेल आणि त्याच संध्याकाळी सात ते साडेदहा या वेळेत गंगापूर रस्त्यावरच्या एका लॉनवर स्वागतसमारंभ होईल. जेवण बुफे पद्धतीचे असले तरी वडीलधाऱ्यांना हातात ताट घेऊन उभे राहावे लागू नये म्हणून आम्ही 22 गोल टेबले मांडणार आहोत. प्रत्येक टेबल पाच फूट व्यासाचे असून त्याभोवती आठ खुर्च्या असतील.

या टेबलांच्या मधोमध मेणबत्त्या असाव्यात, अशी बहिणीची फार इच्छा आहे. आम्ही लहान असताना रोज संध्याकाळी भारनियमन असे. तेव्हा आई स्टीलची वाटी उपडी करून तिच्यावर मेणबत्ती चिकटवत असे आणि आम्ही सगळे त्या उजेडात जेवायला बसत असू. तसाच उजेड आपल्या लग्नाच्या जेवणावर असावा, असे ती म्हणते आणि मला ते मनापासून पटले आहे. सजावटकाराने मात्र टेबलामागे 650 रुपये सांगितले, म्हणजे एकूण 14,300 रुपये झाले. आमच्याकडे या कामासाठी जास्तीत जास्त 5,000 रुपये आहेत. वडील निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्यावर आणखी भार टाकायचा नाही, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे.

मेण आणून मेणबत्त्या घरी ओतल्या तर स्वस्त पडतील का, की तयार टीलाइट (ॲल्युमिनियमच्या छोट्या वाटीतल्या बुटक्या मेणबत्त्या) घेणे बरे? एका टेबलावर किती दिवे ठेवावेत? लॉन उघडे आहे, त्यामुळे वाऱ्याचे काय करावे? आणि लहान मुले व साड्यांचे पदर यांचा विचार करता हे सुरक्षितपणे कसे करता येईल? ज्यांनी स्वतः असे काही केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. अजून जवळजवळ चार आठवडे हातात आहेत आणि काम करायला आम्ही घरातले पाच जण आहोत.

मेणवात

मी गेली अकरा वर्षे सांगलीत घरगुती मेणबत्त्या करून विकते, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. टीलाइट घरी ओतू नका. एका टीलाइटमध्ये साधारण 12 ते 15 ग्रॅम मेण असते, म्हणजे मेणाचा खर्च दोन-अडीच रुपयेच येतो. पण ॲल्युमिनियमची वाटी, वात आणि वातीखालची पत्र्याची चकती सुटी घेतली की तयार टीलाइटइतकाच किंवा त्याहून जास्त खर्च होतो आणि तीन दिवसांची मेहनत वर जाते. दिवाळी नुकतीच संपली आहे. दुकानांतून उरलेली टीलाइटची पाकिटे आणि पणत्या या दिवसांत उतरलेल्या भावाने मिळतात, आणि तुळशीची लग्ने उरकून लग्नसराई सुरू झाली की ती सवलत संपते. आजच जाऊन 50 नगांची दोन पाकिटे आणा. मी मागच्या आठवड्यात 180 रुपयांना एक पाकीट घेतले. सुगंधी अजिबात घेऊ नका, कारण जेवणाच्या टेबलावर लव्हेंडरचा वास आणि मसालेभाताचा वास एकत्र आला की दोन्ही बिघडतात.

पैसे मेणबत्तीवर न घालता तिच्याभोवतीच्या काचेवर घाला. टेबलावरची शोभा ज्योतीपेक्षा तिचा उजेड काचेतून कसा फुटतो यावर अवलंबून असते. त्यासाठी महागडी भांडी नकोत, कटिंग चहाचे जाड, उभ्या रेघांचे ग्लास घ्या. त्या रेघांमधून ज्योत दिसते तेव्हा ग्लासभोवती टेबलावर उजेडाच्या बारीक पाकळ्या पडतात. तुमच्याकडच्या भांडीबाजारात ते डझनाच्या भावाने मिळतील, आमच्याकडे 140 रुपये डझन आहेत. टेबलामागे तीन धरले तर 66 लागतात. सहा डझन घेतले की फुटीसाठी सहा जास्तीचे राहतात आणि खर्च 840 रुपये होतो. लग्नानंतर हेच ग्लास घरात वापरता येतात, हा वेगळा फायदा.

यात एक अडचण आहे, ती आधीच सांगते. टीलाइटचा व्यास 38 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि हे ग्लास खाली निमुळते होत जातात, त्यामुळे टीलाइट तळाला न पोहोचता मध्येच तिरपी अडकते. म्हणून ग्लासात आधी दोन बोटे जाडे मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू भरावी, ती सपाट करावी आणि तिच्यावर टीलाइट बसवावी. ज्योतीचे टोक ग्लासाच्या काठापेक्षा निदान दोन बोटे खाली राहिले पाहिजे. तेवढ्याने झुळूक अडते आणि पदरही ज्योतीपर्यंत पोहोचत नाही. कुणी तांदूळ भरायला सुचवेल, पण लग्नाच्या दिवशी अन्न असे जाळाखाली ठेवू नये, असे मला वाटते.

आता घरी काही करायचेच असेल तर वधू-वरांचे आणि दोन्ही घरच्यांचे अशा तीन टेबलांसाठी मोठ्या काचेच्या पेल्यांमध्ये मेण ओतून मेणबत्त्या करा. तिथे घरच्या कामाला अर्थ आहे, कारण तशा तयार मेणबत्त्या महाग मिळतात. पेल्यात किती मेण लागेल ते काढायला पेला हव्या त्या उंचीपर्यंत पाण्याने भरा आणि ते पाणी मोजा. जितके मिलिलिटर येतील त्याच्या नऊ दशांश इतके ग्रॅम मेण लागते, म्हणजे 200 मिलिलिटरला 180 ग्रॅम. पॅराफिन मेण 58-60 अंशांना वितळणारे मागा आणि किलोमागे 50 ते 80 ग्रॅम स्टिअरिक ॲसिड घाला, त्याने मेण घट्ट आणि पांढरेशुभ्र होते. मेणाचे भांडे कधीही थेट गॅसवर ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात ते बसवा आणि मेणात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका. चुकून मेणाने पेट घेतलाच तर त्यावर पाणी न टाकता गॅस बंद करून झाकण घालावे. पाणी टाकले की पेटलेले मेण उसळून चारी बाजूंना उडते.

वात तळाशी मेणाच्या थेंबाने चिकटवा आणि वरचे टोक कपडे वाळवायच्या चिमट्यात धरून चिमटा पेल्याच्या काठावर आडवा ठेवा, म्हणजे वात मधोमध उभी राहते. नाशिकच्या थंडीत गार पेल्यात गरम मेण ओतले की काच तडकू शकते, किंवा काचेच्या कडेने मेण सुटून पांढरे डाग दिसतात. पेले कोमट पाण्यात ठेवून पूर्ण कोरडे करून घ्या आणि मेण 70 अंशांच्या आसपास उतरल्यावर सावकाश ओता. थंड होताना वातीभोवती खड्डा पडतो, तो भरण्यासाठी थोडे मेण राखून ठेवा. मेणात सुक्या पाकळ्या, दालचिनी, काड्या घालू नका. छायाचित्रात ते सुंदर दिसते, पण मेण वितळले की त्या पाकळ्या दुसरी वात होतात आणि पेटतात.

हे करायलाही वेळ नसेल तर महाबळेश्वरला भावेश भाटिया यांनी उभ्या केलेल्या सनराईज कँडल्समध्ये दृष्टिहीन कारागिरांनी केलेल्या मेणबत्त्या मिळतात. तीन मोठ्या मेणबत्त्या तिथून आणल्या तरी पैसे योग्य हातांत जातील.

वसईची लेक

वर सांगितलेले सगळे योग्य आहे, पण मी एक जुना आणि याहूनही स्वस्त मार्ग सुचवते. आमच्याकडे वसईत लग्नाच्या जेवणाला मेणबत्ती नवीन नाही, आणि बांद्र्याच्या मोतमावलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) जत्रेत तर नवसाच्या मेणबत्त्यांबरोबर मेणाची घरे, हातपाय, बाळेसुद्धा विकायला असतात. मेणाची इतकी सवय असूनही माझ्या मुलीच्या स्वागतसमारंभात आम्ही टेबलांवर पाण्यावरचे तेलदिवे ठेवले. चाळीस टेबले होती आणि तेवढ्या टेबलांना मेणबत्त्या परवडत नव्हत्या.

काचेच्या साध्या पेल्यात पाऊण भाग पाणी भरावे आणि त्यावर सावकाश एक सेंटीमीटर जाडीचा तेलाचा थर सोडावा. तेल हलके असल्याने वर तरंगते. बाटलीच्या बुचाची चार-पाच मिलिमीटर जाडीची चकती कापून तिच्यावर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळावी, मधोमध दाभणाने छिद्र पाडावे आणि त्यातून कापसाची वात अशी ओवावी की वर जेमतेम अर्धा सेंटीमीटर राहील व खालचे टोक तेलात लोंबेल. वात आधी तेलात भिजवून घेतली की लगेच पेटते. सहा सेंटीमीटर रुंदीच्या पेल्यात एवढ्या थराला 25 ते 30 मिलिलिटर तेल लागते. असा बारीक दिवा तासाला चार-पाच मिलिलिटर तेल पितो, म्हणून तुमचा साडेतीन तासांचा कार्यक्रम संपून वर तेल शिल्लक राहील. 66 पेल्यांना दोन लिटर तेल पुरते आणि त्याला साधारण 300 रुपये लागतात. तेल संपत आले की वातीला पाणी लागते, ती तडतडते आणि आपोआप विझते. कोणी विसरले तरी काच तापून फुटत नाही, हा या दिव्याचा सर्वात मोठा गुण आहे. मात्र पेला भरलेला आणि पेटलेला असताना तो उचलून इकडेतिकडे नेऊ नये. जागेवर ठेवूनच पाणी आणि तेल भरावे.

तेल कोणते, हे नाशिककरांनी नीट पाहावे. आम्ही समुद्राकाठचे लोक खोबरेल वापरतो, पण ते 24 अंशांच्या खाली गोठू लागते आणि डिसेंबरातल्या तुमच्या संध्याकाळी त्याचा पांढरा गोळा होऊन बसेल. सोयाबीनचे किंवा सूर्यफुलाचे रिफाइंड तेल घ्या.

पाण्यात काय घालावे, हा हौसेचा भाग आहे. आम्ही तळाला चार-पाच गारगोट्या आणि एकेक अबोलीचे फूल ठेवले होते, पण फुले तरंगून वर येत आणि वातीला लागत. शेवटी दोऱ्याने ती गारगोटीला बांधली. तुमच्याकडे शेवंती ऐन बहरात असेल, तर फुले पेल्यात न घालता पेल्यांभोवती गोल मांडा, ते सोपे पडते.

तुमच्या आईची उपडी वाटी वाचून मला आणखी एक सुचले. दिव्यांखाली आरसे ठेवायची हल्ली पद्धत आहे, पण 22 आरसे कापून, कडा घासून घेणे महाग पडते. त्याऐवजी स्टीलची घासूनपुसून लख्ख केलेली ताटे ठेवा. भांडी भाड्याने देणाऱ्याकडे ती नगाला चार-पाच रुपयांत मिळतात. ताटाला काठ असल्याने सांडलेले मेण-तेल त्यातच राहते, टेबलक्लॉथ वाचतो, आणि स्टीलमध्ये ज्योतीचे प्रतिबिंब किंचित पसरट, मऊ दिसते. मला ते आरशातल्या टोकदार प्रतिबिंबापेक्षा जास्त आवडते. तीन पेले, खाली ताट, भोवती शेवंतीच्या फुलांची एक ओळ, एवढ्यावर थांबा. पाच फुटी टेबलावर आठ जणांची ताटे मांडली की मध्ये जेमतेम दोन फुटांचे वर्तुळ उरते आणि त्यात पाण्याचे जग, पेले, लोणच्याच्या वाट्या हे सगळे येऊन बसते.

मांडवशोभा

मी पंधरा वर्षे लग्नांच्या सजावटीचे काम करतो. सजावटकाराने सांगितलेला दर लुटीचा नाही, त्यात मांडणारी व उचलणारी माणसे, वाहतूक आणि तुटफूट धरलेली असते. ते काम तुम्ही घरचे पाच जण करणार असाल तर पैसे नक्की वाचतील, पण त्या दिवशी ते काम कोण करणार हे नावानिशी ठरवून ठेवा. लग्नघरातली पाच माणसे संध्याकाळी सहा वाजता एका जागी सापडत नाहीत, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. निदान दोन जण असे निवडा, ज्यांना फोटोंसाठी स्टेजवर बोलावले जाणार नाही.

सर्वांत आधी लॉनच्या व्यवस्थापकाला विचारा की उघड्या ज्योतीला परवानगी आहे का आणि असेल तर ती लेखी घ्या. काही ठिकाणी मांडवाचे कापड आणि गवताचे छत यांमुळे ज्योतीला पूर्ण मनाई असते आणि ते तुम्हाला ऐनवेळी कळले तर सगळी मेहनत वाया जाईल.

डिसेंबरात नाशिकच्या लॉनवर खरा त्रास वाऱ्याइतकाच दवाचा होतो. साडेपाच-सहापासून दव पडू लागते आणि उघड्यावर मांडलेल्या वाती व काड्या सादळतात. टेबले दुपारी मांडली तरी टीलाइट पावणेसातपर्यंत खोक्यातच ठेवा. नव्या वातीवर मेणाचा थर असल्यामुळे ती पेटायला वेळ घेते. म्हणून आदल्या दिवशी घरी प्रत्येक टीलाइट अर्धा मिनिट पेटवून विझवून ठेवा. मग लॉनवर लांब दांड्याच्या लायटरने ती चटकन पेटते. तीन जणांनी सात-सात टेबले वाटून घेतली आणि उरलेले एक जो आधी मोकळा होईल त्याने घेतले, तर दहा मिनिटांत काम होते.

वारा जास्त असेल अशा कडेच्या टेबलांसाठी कंदिलाच्या काचा घ्या. त्या नगाला 50-60 रुपयांत मिळतात आणि त्यांच्यासारखा वाऱ्याचा दुसरा बंदोबस्त नाही. मात्र काच ताटावर सपाट टेकवली तर खालून हवा जात नाही, ज्योत गुदमरते आणि काच काळी पडते. काचेखाली तीन बाजूंना एकेक रुपयाचे नाणे ठेवा. एवढ्या फटीतून हवा ओढली जाते आणि ज्योत सरळ उभी राहते.

पदराबद्दल कळकळीने सांगतो. एका स्वागतसमारंभात आमच्याच मांडणीत उभी, उघडी मेणबत्ती एका पाहुणीच्या हाताच्या धक्क्याने कलंडली आणि नायलॉनच्या नेटच्या झालरीने पेट घेतला. शेजारी पाण्याचा जग होता म्हणून ते तिथेच थांबले. त्या दिवसापासून काचेबाहेर ज्योत दिसेल अशी एकही मेणबत्ती मी जेवणाच्या टेबलावर ठेवलेली नाही. नेट, टिश्यू, सॅटिनच्या फिती, कागदी फुले यांपैकी काहीही दिव्यांच्या ताटात नको. टेबलक्लॉथ सुती घ्या. दर पाच-सहा टेबलांमागे एक पाण्याची बादली मांडवाच्या खांबाआड भरून ठेवा आणि ती कुठे आहे हे वाढप्यांनाही सांगा.

अंगणवेल

ज्या टेबलांवर लहान मुलांचा घोळका बसणार आहे तिथे बॅटरीवरचे दिवे ठेवावेत, एवढेच सुचवते. उजेड खऱ्या ज्योतीसारखा नसतो, पण रेघांच्या ग्लासात ठेवला तर लांबून फरक जाणवत नाही. मात्र त्यांच्या तळाची झाकणे स्क्रूने बंद होणारी असावीत, कारण आत बटणासारखी चपटी बॅटरी असते आणि मुलाने ती गिळली तर अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होते. तशी झाकणे नसतील तर ते दिवे घेऊच नका.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. परवानगी लेखी मिळाली आहे. रविवारी आम्ही भांडीबाजारातून सहा डझन ग्लास आणले आणि रात्री गच्चीवर एक टेबल मांडून साडेतीन तास सगळे पेटवून पाहिले. तीन ग्लासांत टीलाइट आणि तीन पेल्यांत तेलदिवे, दोन्ही वेगवेगळ्या ताटांत ठेवले होते. बहीण बराच वेळ काही न बोलता बघत बसली आणि मग तिने आईला हाक मारून वर बोलावले.

काही अडचणी मात्र आल्या. दोन तासांनी टीलाइटच्या ग्लासांचा काठ आतून काळा झाला. गच्चीवरच्या दवाने मीठ ओलसर होऊन त्याचा गठ्ठा झाला. दोन टीलाइट तीन तासांच्या आतच विझल्या. तेलदिव्यांपैकी एकाची ज्योत फार मोठी होऊन धूर निघाला, बाकीचे दोन मात्र शेवटपर्यंत शांत जळले. शिवाय टीलाइटची वाटी उचलताना टेबलक्लॉथवर मेण सांडले. तो भाड्याचा असणार आहे, म्हणून विचारते की ते डाग कसे काढावेत? आणि आता टीलाइट ठेवाव्यात की सगळीकडे तेलदिवेच करावेत?

मेणवात

आधी पेटवून पाहिलेत, हे फार चांगले केलेत. काजळी धरते ती वात लांब राहिल्यामुळे किंवा ज्योत हलत राहिल्यामुळे. ज्योत सारखी डुलली की मेणाची वाफ पूर्ण जळत नाही आणि न जळलेला कार्बन काचेवर बसतो. पेटवण्यापूर्वी प्रत्येक वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कात्रीने कापा. तेलदिव्याच्या धुराचेही कारण तेच आहे, ती एकच वात इतरांपेक्षा वर ओढली गेली असणार. वाती ओवताना आगकाडीवर पाच मिलिमीटरची खूण करून प्रत्येक वात तिच्याशी मापून घ्या.

मिठाऐवजी आता वाळू घ्या. आमच्या कोरड्या हवेत मीठ चालते, पण दव पडत असेल तिथे ते ओल धरते, हे मी आधीच सांगायला हवे होते. बांधकामाची बारीक वाळू चाळून, तीन-चार पाण्यांनी धुऊन, उन्हात कडकडीत वाळवा. पांढरी हवी असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळते.

लवकर विझलेल्या दोन्ही टीलाइट वजनकाट्यावर ठेवून पाहिल्या असत्या तर त्यांत मेण कमी होते हे दिसले असते. पाकिटावर चार तास लिहिलेले असले तरी स्वस्त मालात वाट्या सारख्या भरलेल्या नसतात. बाकीच्या सगळ्या घरच्या वजनकाट्यावर तोलून घ्या. ज्या 12 ग्रॅमच्या खाली भरतील त्या स्वागतसमारंभात न वापरता घरच्या देवापुढे लावा.

दोन्हींपैकी काय, या प्रश्नावर माझे मत असे आहे की मधल्या टेबलांवर तेलदिवे ठेवावेत आणि कडेच्या, वारा लागणाऱ्या सात-आठ टेबलांवर कंदिलाच्या काचेत टीलाइट. मी मेणबत्त्या विकते, तरीही हेच सांगेन, कारण तुमच्या थंडीत तेलदिवा चुकत नाही आणि खर्चही कमी आहे. आठ टेबलांना एकेक कंदिलाची काच घेतली तर 480 रुपयांपर्यंत जातील. ग्लास, तेल, टीलाइट, ताटे आणि फुले धरूनही तुम्ही 3,000 च्या आत राहाल. उरलेल्या पैशांत प्रवेशाजवळ एक मोठे पितळी घंगाळ पाण्याने भरून त्यात तरंगत्या मेणबत्त्या आणि झेंडूच्या पाकळ्या सोडा. मेण पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते, पण तळाशी निमुळत्या आणि वर पसरट अशाच घ्या, सरळ उभ्या आकाराच्या कलंडतात. पाकळ्या कडेने राहतील इतक्याच घाला, वातीपर्यंत पोहोचू देऊ नका. घंगाळ घरात नसेल तर नातेवाइकांकडे विचारा, नाशिकमध्ये जुन्या वाड्यांतून ते हमखास असते.

एक टीलाइट जळताना साधारण 40 वॉट उष्णता देते. लॉनवर याने काही बिघडत नाही, पण हे वाचून कोणी बंद, वातानुकूलित सभागृहात शंभर टीलाइट लावणार असेल तर तिथे दोन गीझर चालू ठेवल्याइतकी उष्णता वाढते, हे लक्षात घ्यावे.

वसईची लेक

टेबलक्लॉथवर सांडलेले मेण गरम असताना पुसू नका, ते धाग्यांत आणखी खोल जाते. आधी त्याच्यावर बर्फाचा खडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाच मिनिटे ठेवा. मेण कडक झाले की सुरीच्या बोथट बाजूने किंवा जुन्या एटीएम कार्डाने खरवडून काढा. जो तेलकट डाग राहील त्याच्या वर आणि खाली तपकिरी कागद ठेवून, कागदावर छापलेले काही नसावे, मध्यम गरम इस्त्री फिरवा. कागद मेण शोषून घेतो. कागद बदलत तीन-चार वेळा केले की सुती कापडावर काही राहत नाही. पॉलिस्टरवर इस्त्री अगदी मंद ठेवावी. तेलाचा डाग असेल तर त्याच रात्री त्यावर डाळीचे पीठ किंवा टाल्कम पावडर भुरभुरवा आणि सकाळी झटकून साबणाने धुवा.

परत देण्यापूर्वी सगळे टेबलक्लॉथ दिवसाच्या उजेडात उलगडून एकदा पाहा. रात्री मांडवातल्या दिव्यांत पांढऱ्या कापडावरचे पांढरे मेण दिसत नाही, ते बोटांनी चाचपूनच कळते.